पालवी फुटलेल्या टोपल्या

“या टोपल्यांत प्लास्टिकचा एक धागा जरी सापडला,” तोंका म्हणाली, “तर तो मी तुमच्या देखत चावून गिळीन.”

हे ती जुन्या शाळेच्या स्वयंपाकघरात, हातात डाव धरून, महिला मंडळाच्या सात बायकांसमोर म्हणाली. तोंकाच्या हातात डाव असताना तिच्याशी वाद घालायचा नाही, हे व्हर्बिक गावात पोरं चालायच्या आधी शिकायची. निम्मं गाव त्याच डावाने वाढलेलं सूप पिऊन मोठं झालं होतं. त्यामुळे बायका गप्प राहिल्या. दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला पावो मात्र शाळेत तिच्या मागच्याच इयत्तेत होता. तिच्या सुपातून तो वयानेच सुटला होता.

तो आत आला. टेबलावरचं लाल-पांढऱ्या-निळ्या फितीचं रीळ उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतली चिठ्ठी वाचली.

“शंभर टक्के पॉलिएस्टर,” तो म्हणाला. “मीठ आणून देऊ का, तोंके?”

दुसऱ्या एखाद्या बाईने हसून वेळ मारून नेली असती. तोंकाला ते जमत नसे. तिने कात्रीने चार बोटं फीत कापली, तोंडात घातली आणि पावोच्या डोळ्याला डोळा भिडवून चावायला लागली. पॉलिएस्टर चावलं जात नाही. शेवटी तिने तो बोळा पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारणीने, म्हणजे एवित्साने, तिच्या पाठीत दणका घातला.

“झालं,” तोंका म्हणाली. “आता नीघ माझ्या स्वयंपाकघरातून.”

“तुझं आहे, नाताळापर्यंत,” पावो म्हणाला, आणि जाता जाता खिडकीच्या भिंतीला टेप लावून रुंदी मोजून गेला. ती मोजायची त्याची बारावी खेप होती.

तोंकाला खरा राग आला तो त्या टेपचा. फीत काय, गिळून झाली होती.

शाळा बंद होऊन सहा वर्षं झाली होती. गावची पोरं आयर्लंडला गेली, जर्मनीला गेली, तिकडेच त्यांची लग्नं झाली, तिकडेच त्यांना पोरं झाली. एका सप्टेंबरात पहिलीच्या वर्गात एकुलती एक मुलगी येऊन बसली, आणि पुढच्या आठवड्यात तीही म्युनिकला गेली. मग बाकं शेजारच्या गावाने नेली, घंटा पावोच्या अग्निशमन दलाने नेली. तोंकाने मात्र स्वयंपाकघर सोडलं नाही. एकतीस वर्षं शाळेची स्वयंपाकीण म्हणून तिने त्या विटांच्या भट्टीत पाव भाजले होते. भट्टीचं लोखंडी दार कुठल्या कोपऱ्यात अडतं आणि कुठल्या शिवीने उघडतं हे तिला एकटीला ठाऊक होतं. तिने महिला मंडळ काढलं, मंडळ तिथे बसवलं आणि किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्याच दोरीला बांधली.

पावोला ती जागा गाडीसाठी हवी होती. ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा गावाने व्हर्बिकच्या दलाला आपली जुनी आगीची गाडी भेट दिली होती. गाडी सरपंचापेक्षा वयाने मोठी होती आणि तिचा हातब्रेक शोभेचा होता. चर्चकडून शाळेकडे येणाऱ्या उतारावर ती पावसात उभी असायची, पुढच्या चाकाखाली ओकच्या लाकडाचा ठोकळा ठोकून. पावोचं म्हणणं, भट्टी फोडायची, खिडकीची भिंत पाडून तिथे दार करायचं, की गाडी आत.

“आत जाईल कशी?” बायका विचारायच्या.

“नीट जाईल. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते,” पावो म्हणायचा. “मोजलंय मी.”

सरपंच क्रेशो तिशीतला होता, त्यानेही सूप प्यायलं होतं, आणि त्याला दोघांचीही भीती वाटायची. म्हणून त्याने निकाल टोपल्यांवर सोपवला. तेवीस डिसेंबरला गावात नाताळचा समारंभ, जिल्ह्याहून पर्यावरण खात्याच्या बाई येणार, बरोबर आणखी नऊ पाहुणे.

“तोंकाकाकू,” तो म्हणाला, “दहा टोपल्या करा. सगळं घरचं, हातचं, निसर्गाला न दुखवणारं. बाईंना पसंत पडल्या तर किल्ली तुमची, दहा वर्षं कुणी विचारणार नाही. नाही पडल्या तर…” आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला, जिथून गाडी दिसायची.

इथवर सगळं साधं होतं. टोपलीत घालायला गावात काय कमी होतं? आलुबुखाराचा मुरंबा, अक्रोड, लाल मिरचीचं सॉसेज, मधाची बिस्किटं, एवित्साचं धुरावलेलं चीज, तोंकाने स्वतः डुकराच्या चरबीपासून केलेला साबण. आणि मधोमध बशीभर नाताळचा गहू. संत लूसीच्या दिवशी, तेरा तारखेला, बशीत गहू पेरायचा. नाताळापर्यंत तो जितका वर येईल तितकं येणारं वर्ष चांगलं. ज्याच्या घरी गहू उगवला नाही त्याच्याकडे लोक जानेवारीभर हळू आवाजात बोलतात.

पण फीत गिळल्यापासून तोंकाच्या डोक्यात खूळ बसलं होतं. विकतचं काही नको. फीत नको, मक्याच्या सालीची दोरी वळा. चिठ्ठ्या नकोत, डिंकात काय असतं कुणाला ठाऊक.

“मग चीज कुठलं आणि साबण कुठला, कळणार कसं?” एवित्साने विचारलं. दोन्ही पिवळसर, दोन्ही चौकोनी, दोन्ही एकाच जुन्या चादरीच्या तुकड्यांत बांधलेले. “पेन्सिलीने लिहू का कापडावर?”

“पेन्सिलीत शिसं असतं.”

“नसतं गं.”

“मग तिला शिसपेन्सिल का म्हणतात?”

एवित्सा उठून बाहेर गेली. तिने आपल्या मोटारीतून दहा टोपल्या काढून आणल्या, सुबक, एकसारख्या, आणि तोंकाने एक उलटी करून बुडाखालची चिकटपट्टी वाचली. टोपल्या तिच्यापेक्षा जास्त जग हिंडून आल्या होत्या.

“परत कर.”

“बये, बाजारच्या टोपल्या आहेत त्या, त्यात काय—”

“परत कर म्हटलं ना. ओढ्याकाठी वाळुंजाची झुडपं आहेत, लवचिक फांद्यांची. मी विणते.”

गावात टोपल्या विणणारा एकच माणूस उरला होता, ऐंशीच्या पुढचा आदाम आजा. दुर्दैवाने तो पावोचा सासरा होता. तरी तोंका गेली. आजाने तिच्या काखेतला हिरव्या फोकांचा भारा बघितला, एक फोक बोटाभोवती गुंडाळून सोडला.

“हे वर्षभर वाळवायचे,” तो म्हणाला. “मग भिजवून विणायचे.”

“माझ्याकडे वर्ष नाही. दोन आठवडे आहेत.”

“मग विणू नको. ओल्या फोकाला आपण कापलो गेलोय हे कळलेलं नसतं.” त्याने पाइप झटकला. “आणि घरात तर मुळीच ठेवू नको. ओली वाळुंज भिंतीला चांगली नसते.”

“भिंतीला,” तोंका म्हणाली.

“माझी आई म्हणायची.”

“आणि तुमचा जावई काय म्हणतो? त्याने शिकवलंय ना हे? भिंत, भिंत, दिवसरात्र एकच जप.” आणि भारा उचलून ती निघाली. आजा मागून काहीतरी म्हणाला, तेही तिने पावोच्याच खात्यात टाकलं.

तिने विणल्या. चार दिवस बोटांची सालं निघाली. पहिली टोपली टोपीसारखी झाली, दुसरी घरट्यासारखी, तिसरीपासून टोपलीसारख्या. वाळून तडकू नयेत म्हणून तिने दहाही टोपल्या भट्टीशेजारी उबेत मांडल्या, वर ओली फडकी घातली, आणि रोज सकाळी त्यांच्यावर पाणी शिंपडायला लागली.

आता गहू. तिचा नवरा बार्तोल शांत माणूस होता. चाळीस वर्षं त्याने आपली मतं गोठ्यात गाईंना सांगितली होती. त्याने पोतं पुढे केलं. दाणे लालभडक होते.

“हे काय?”

“बियाणं. औषध लावलेलं असतं ते. हमखास उगवतं.”

“विष,” तोंका म्हणाली. “जिल्ह्याच्या बाईच्या हातात मी विष देऊ?”

“खायचा नसतो गं तो, बघायचा असतो.”

“कोंबड्यांचा दे.”

कोंबड्यांचा गहू औषधाविना होता, पण त्यात पोरकिडे होते. बार्तोल म्हणाला, फ्रीजरमध्ये ठेव दोन दिवस, मरतात. तोंका म्हणाली, फ्रीजर वीज खातो, निसर्गाला दुखावतो. भट्टी तशीही पेटलेली आहे. तिने गहू तासभर भट्टीत ठेवला. त्या भट्टीला दोनच तऱ्हा माहीत होत्या, एक विझलेली आणि दुसरी नरकाची. तासाभराने पोरकिडे मेले होते. गव्हाला छान खमंग वास सुटला होता.

“वास बघ कसा येतोय,” तोंका म्हणाली. बार्तोलने वास घेतला, तोंड उघडलं, तिच्या हातातला डाव बघितला, आणि गोठ्यात गेला.

लूसीच्या दिवशी तिने दहा मातीच्या बशांत गहू पसरला, पाणी घातलं, क्रुसाची खूण केली आणि दाराला कुलूप लावलं.

त्या दिवसांत व्हर्बिकमध्ये माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. “तुझा गहू कुठवर आला?” असं विचारतात. दुकानात विचारतात, चर्चच्या पायऱ्यांवर विचारतात, कुंपणावरून विचारतात. सोळा तारखेला एवित्साचा नखाएवढा होता. अठराला पावोच्या बायकोचा चार बोटं. पावोने दुकानात, पावाच्या रांगेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“काय तोंके, तुझा कुठवर?”

तोंका नुकतीच बशा बघून आली होती. दाणे फुगले होते, एवढंच.

“वीतभर,” ती म्हणाली.

“पाच दिवसांत?”

“औषध नाही ना लावलेलं. मोकळा श्वास घेतो.”

एकोणीस तारखेला तो गावच्या तोंडी हातभर झाला. विसाव्या तारखेला, चर्चमधून परतताना, दोन म्हाताऱ्यांनी तिच्या बाहीला हात लावून स्वतःच्या कपाळाला लावला.

त्याच दिवशी बशांमधून आंबट वास सुटला. एवित्सा मधाची बिस्किटं घेऊन आली होती. तिने एका बशीत बोट घातलं, वर काढलं, हुंगलं.

“तोंका, हा मेलाय.”

“झोपलाय.”

“बुरशी आलीय त्याला. झोपलेल्याला बुरशी येते का?” मग तिची नजर बशांवरून पुढे गेली आणि तिने फडकं उचललं. “आणि हे काय गं?”

टोपल्यांना पालवी फुटली होती. मुठींना, कडेला, बुडाखालीसुद्धा, पोपटी, टोकदार, ओली पानं. दोनतीन टोपल्यांवर तर मांजराच्या पंजासारखी मऊ राखाडी बोंडं आली होती.

तोंकाने दोन्हीकडे बघितलं. एका बाजूला दहा बशा, ज्यांना उगवायचं होतं. दुसऱ्या बाजूला दहा टोपल्या, ज्यांनी गप्प बसायचं होतं.

“ज्याला सांगितलं तो मेला,” ती म्हणाली, “आणि ज्याला नाही सांगितलं तो नाचतोय.” आणि तिने पानं खुडायला घेतली. रागाने खुडली, दोन्ही हातांनी, कोंबडी सोलावी तशी. एवित्सा मदतीला आली तर तिच्यावर खेकसली. संध्याकाळपर्यंत टोपल्या उघड्याबोडक्या झाल्या. तोंकाने सवयीने त्यांच्यावर पाणी शिंपडलं आणि घरी गेली. सकाळी पालवी दुप्पट होती.

बावीस तारखेच्या दुपारी बार्तोल तिला हाताला धरून गोठ्यात घेऊन गेला. चाऱ्याच्या गव्हाणीमागे, गाईंच्या उबेत, दह्याचे दहा रिकामे डबे ओळीने ठेवले होते. त्यांत गहू होता. दाट, हिरवागार, वीतभर.

“लूसीलाच पेरला होता,” बार्तोल म्हणाला. “म्हटलं, असू दे.”

तोंकाने एक डबा उचलला. प्लास्टिकचा. बोटाने मुळाशी उकरलं. दाणे लाल, मुळं गुलाबी, तिच्या बोटाला रंग लागला.

“माझ्या पाठीमागे,” ती म्हणाली. “तुलाही वाटलं माझं फसणार?”

“वासावरून वाटलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुझ्या हातात डाव होता.” बार्तोलने गाईच्या पाठीवर हात ठेवला. “बये, ऐक. बशांत घाल, वरून शेवाळं लाव. हिरवा आहे ना? खालचं कोण बघतंय?”

तोंका ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती ओरडली नाही, आणि त्यामुळे तो जास्त घाबरला.

“एकतीस वर्षं वाढलं मी,” ती म्हणाली. “करपलं तर करपलं म्हणून सांगून वाढलं. पोरं रडली, त्यांच्या आया भांडायला आल्या, पण खालचं लपवून वर चांगलं कधी वाढलं नाही. आणि आता त्या पावोच्या भीतीने वाढू?”

“तो स्वयंपाकघर घेईल.”

“घेऊ दे. पण मी देताना स्वच्छ देईन.” तिने डबा खाली ठेवला आणि मग ओरडली. गाईंवर, दह्यावर, ऑस्ट्रियावर, आयर्लंडवर, ओल्या फोकांवर. बार्तोलला हायसं वाटलं. त्याने डबे घरच्या खिडकीत नेऊन ठेवले. घराला तरी चांगलं वर्ष हवं होतं.

तेवीस तारखेला दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात समारंभ होता. किल्ली सकाळीच सरपंचाकडे द्यायची होती. तोंकाने ती क्रुसाच्या दोरीवरून सोडली, तेव्हा गाठ इतकी जुनी होती की दाताने सोडवावी लागली. टोपल्यांची पानं खुडायला तिला वेळ मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर बोटंही उरली नव्हती. गहू नव्हता. गव्हाच्या जागी तिने प्रत्येक टोपलीत एक बेलफळाएवढं सुगंधी क्विन्सचं फळ ठेवलं, पिवळंधमक, झाडावरचं शेवटचं.

मांडायला गेली तर लांब टेबल डुगडुगत होतं, एक पाय आखूड. तोंका काहीतरी शोधायला बाहेर आली. उतारावर, पाहुण्यांना येता येता बरोबर दिसेल अशी, पावोने आदल्या संध्याकाळीच गाडी आणून उभी केली होती. काचेवर त्याने पुठ्ठा लावला होता: “मी सहा हिवाळे पावसात काढलेत.”

गाडी गावात येऊन चारच वर्षं झाली होती.

“खोटारडा,” तोंका पुठ्ठ्याला म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. चाकाखाली ओकचा सुरेख ठोकळा होता, टेबलाच्या पायाला हवा तेवढाच. तिने दोन लाथा घालून तो मोकळा केला. गाडी हलली नाही. गोठलेल्या चिखलात तिची चाकं घट्ट बसली होती. हलली असती तर तोंकाच्याही लक्षात आलं असतं. ठोकळा घेऊन ती आत आली, टेबल ठाम झालं, आणि त्या दिवशी तिच्या मनासारखी घडलेली ती पहिली गोष्ट होती.

पाहुणे आले. जिल्ह्याच्या बाई उंच होत्या, गळ्यात लोकरीचा रुमाल, पायांत शहरातले बूट. क्रेशोने भाषण सुरू केलं आणि समोरच्या टोपलीतली एक पुरचुंडी सोडली.

“हे आमच्या गावचं धुरावलेलं चीज,” तो म्हणाला, “ज्याची चव…” आणि त्याने चांगला जाड तुकडा कापून तोंडात टाकला.

एवित्साने तोंकाचा हात घट्ट धरला. क्रेशो चावत राहिला. सूप पिऊन वाढलेल्या मुलांना एक शिकवण होती, ताटातलं थुंकायचं नाही. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात फेस आला. त्याने तो रुमालाने पुसला, दुसरा आला. भाषण तिथेच थांबलं आणि त्याने हाताने, पुढे चालू द्या, असं सुचवलं.

पुढे पावो आला.

“मी म्हणतो, गहू कुठंय?” तो म्हणाला. “हातभर आलाय म्हणे. सगळ्या गावाने ऐकलंय. दिसत कसा नाही?”

वर्गात मागे बसलेल्या त्या दोन म्हाताऱ्या मान उंच करून बघायला लागल्या. तोंका टेबलापुढे आली. डाव तिने आणला नव्हता, हात रिकामे वाटत होते.

“मेला,” ती म्हणाली. “मी भट्टीत भाजला. वीतभर म्हटलं ते खोटं, हातभर गावाने केला, तेही खोटं. एक कोंब आला नाही. झालं समाधान?”

“सगळ्यांनी ऐकलं ना?” पावो म्हणाला.

“ऐकलं, कानात बोटं घालून कोण बसलंय,” एवित्सा म्हणाली. “तुझी घंटा सांभाळ.”

जिल्ह्याच्या बाईंचं यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं. त्यांनी टोपली उचलून खिडकीच्या उजेडात धरली होती आणि मुठीवरच्या राखाडी बोंडावरून हळूच बोट फिरवत होत्या.

“ही जिवंत आहे,” त्या म्हणाल्या.

“ती चूक आहे, बाई,” तोंका म्हणाली. “ओले फोक विणले. तीन दिवस मी ही पानं खुडतेय. मेली थांबतच नाहीत.”

“म्हणजे पाण्यात ठेवली तर मुळं फुटतील? झाड होईल?”

“होईल. काय वाट्टेल ते होईल. तिला कोण विचारतंय.”

“सोळा गावं बघितली मी या महिन्यात,” बाई सगळ्यांना म्हणाल्या. “सोळा ठिकाणी मला निसर्गप्रेमी टोपली दिली, वर प्लास्टिकची फीत बांधून. नाताळनंतर जमिनीत लावता येईल अशी टोपली ही पहिली. आणि चूक झाली तर चूक म्हणून सांगणाऱ्या बाई पण पहिल्याच.”

तोंकाला याचा अतोनात राग आला. तिने जे जे मन लावून केलं होतं ते सगळं मेलं होतं, आणि कौतुक होत होतं ते नेमकं तिने दोन्ही हातांनी उपटून टाकलेल्या पानांचं. ती तसं बोलणारच होती, पण मागून आदाम आजाचा आवाज आला.

“मी सांगितलं होतं तिला. घरात ठेवू नको म्हटलं होतं.”

“भिंतीला चांगली नसते,” एवित्साने त्याची नक्कल केली, आणि सगळे हसले. पावोसुद्धा हसला, सवयीने, मग थांबला.

“तर मग,” बाई क्रेशोकडे वळल्या, “हे स्वयंपाकघर या मंडळाकडेच राहणार ना? मला अहवालात तसं लिहायचंय.”

क्रेशोला बोलायचं होतं. त्याला म्हणायचं होतं की दोन्ही बाजूंचा विचार करून, पंचायतीत चर्चा करून, जानेवारीत ठरवू. पण तोंड उघडलं असतं तर फेस बाईंच्या रुमालावर गेला असता. त्याने मान हलवली. बाईंनी लिहून घेतलं. क्रेशोने खिशातून किल्ली काढून तोंकाच्या तळहातावर ठेवली आणि तो मागच्या नळाकडे धावला.

टाळ्या पडल्या. तोंकाने किल्ली मुठीत धरली. तिला हसू आलं नाही, पण चेहऱ्यावरचा एक स्नायू सैल झाला, जो डिसेंबर लागल्यापासून झाला नव्हता.

पावोने टोपी डोक्यावर घातली.

“एका फुटलेल्या फोकापायी,” तो म्हणाला. “साबण खाणाऱ्याच्या निकालाने.”

“सोबत एक टोपली ने,” तोंका म्हणाली. “गाडीशेजारी लाव. सहा हिवाळ्यांनी सावली देईल.”

तो बाहेर गेला. दुपारच्या उन्हाने चिखल मऊ पडलेल्या उतारावर गेला, गाडीच्या काचेवरचा पुठ्ठा फाडला, गाडीचं दार उघडून तो आत फेकला, आणि दार जोरात आपटलं.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी अग्निशमन दलाची गाडी खिडकीच्या भिंतीतून स्वयंपाकघरात आली आणि भट्टीला टेकून थांबली. गाडीत कुणी नव्हतं, स्वयंपाकघरातही कुणी नव्हतं. पावोचं माप बरोबर निघालं. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली होती.